न दाखवलेली पानं

ही हकिगत मी कुणाला सांगितलीच नाही, असं म्हणता येणार नाही. अर्धी सांगत आलो. कारखान्यावरच्या दिवसांचा विषय निघाला की मी तीन पत्तीच्या गमती सांगायचो, काडेपेटीतल्या काड्या लावून कसे खेळायचो ते सांगायचो, मुनीरची नक्कल करायचो, आणि लोक हसायला लागले की थांबायचो. हसण्याच्या जागी थांबणं मला चांगलं साधलं होतं. पुढचं टाळत राहिलो. आधी नोकरी होती म्हणून टाळलं, मग मुलींची लग्नं व्हायची होती म्हणून. नंतर तर कारणही लागेनासं झालं. आता वयच असं आहे की ज्यासाठी टाळावं असं पुढे फारसं काही उरलेलं नाही.

आमचं घर नगर-मनमाड रस्त्याला लागून आहे. दिवाळी झाली की उसाने भरलेल्या ट्रॉल्या दारावरून जायला लागतात. वळणावर चार-दोन टिपरं खाली पडतात, मागून येणारी चाकं ती चेंगरतात, आणि दुपारच्या उन्हात डांबराला गोड-आंबूस वास सुटतो. मी उठून खिडकी लावून घेतो. घरातल्यांना वाटतं, म्हाताऱ्याला धुळीचा त्रास होतो.

यंदा जावई दिवाळीला आले होते. ते मोबाईलवर पोकर खेळतात. जेवणं झाल्यावर मला समजावून सांगत होते, "बाबा, कुणाची पानं मोठी हा प्रश्न नंतरचा. कुणी किती लावले, केव्हा लावले आणि का लावले, हे ओळखायचं. आपली पानं न दाखवता समोरच्याला उठवता आलं पाहिजे." मी हो हो म्हणत ऐकून घेतलं. हे मी शिकलेलो आहे, असं त्यांना सांगता आलं असतं. फार स्वस्तात शिकलो, काड्या लावून. त्याची किंमत दुसऱ्याने दिली.

बहात्तरच्या दुष्काळातला तो हंगाम. कारखान्याचं नाव सांगत नाही. जिल्ह्याच्या उत्तरेकडचा होता एवढं पुरे. तिकडे सगळीकडे भोंगा तसाच वाजायचा आणि मळीचा वास तसाच कपड्यांत बसायचा. मी काट्यावर, म्हणजे उसाच्या गाड्या तोलतात तिथे, हंगामी कारकून होतो. मोळी पडली, म्हणजे गाळप सुरू झालं, की आम्हाला बोलावणं यायचं आणि पट्टा पडला, गाळप थांबलं, की घरी पाठवायचे. त्या वर्षी ऊस वाळलेलाच यायचा. कांड्या आखूड, आतून भेंडासारख्या. गाडी डोळ्यांना भरलेली दिसायची, पण काट्यावर चढली की वजन धरायची नाही. गाडीवान आधी काट्याकडे बघायचा आणि मग आमच्याकडे. आम्ही त्याची नजर चुकवून आकडा मोठ्याने वाचायचो. पट्टा लवकर पडणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. कुणी म्हणे संक्रांतीला, कुणी म्हणे फार तर शिमग्यापर्यंत ओढतील.

काट्यावर माझा जोडीदार नामदेव. कर्जतकडचा, शेतकरी घरातला, माझ्यासारखाच अकरावी झालेला. माझ्यापेक्षा आधीपासून हंगामाला येत होता. रांगेत कुठली गाडी कुठल्या शिवारातली, कुठल्या बैलाचा खूर दुखावलाय, हे त्याला विचारावं. गाडीवानांचं भांडण लागलं की मी शिपायाला हाक मारायचो. नामदेव मधे जाऊन उभा राहायचा आणि कुणाच्या तरी बैलाचं कौतुक करायला लागायचा. भांडण विरून जायचं. गावाकडे त्याची बायको हिरा होती आणि पाळण्यातली मुलगी. त्यांच्याकडच्या विहिरी दिवाळीआधीच आटल्या होत्या. हिरा पहाटे उठून डोंगराच्या पायथ्याला झऱ्यावर जायची आणि उन्हं चढल्यावर एक हंडा घेऊन परत यायची. कारखान्यात कायम झालेल्या माणसाला चाळीत खोली मिळे, आणि खोलीच्या मागच्या बाजूला नळ असे. नामदेवला पगारवाढीचं, बढतीचं काही नव्हतं. त्याला ती खोली हवी होती.

"एकदा खोली गावली ना गुर्जी," तो मला म्हणायचा. माझे वडील नेवाशाला शाळेत शिक्षक होते म्हणून मी गुर्जी. "एकदा खोली गावली, की हिराला म्हननार, आता उठूच नको. निजून ऱ्हा. मी भरतो पानी."

पहिली पाळी दुपारी बारा वाजता सुटायची. जेवून आम्ही आमच्या पत्र्याच्या खोलीपुढे साखरेचं रिकामं पोतं अंथरायचो. धुराड्यातून उडालेली काजळी पोत्यावर पडत राहायची. पानं फुंकरून घ्यावी लागत. कारखान्यात काम करणाऱ्यांच्या हातांना एक चिकटपणा असतोच, त्यामुळे पानं एकमेकांना चिकटायची, आणि वाटणारा जोडपान देतोय असा रोजचा आरोप व्हायचा. तिसरा मुनीर, बॉयलरवरचा. चौथा जो मोकळा असेल तो. काड्या लावायचो. काडीला पाच पैसे, पगाराला हिशोब.

तीन पत्ती ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येकाला तीन पानं. ती न बघता खेळलात तर ब्लाइंड, थोडक्यात भागतं. बघून खेळलात की दुप्पट टाकावं लागतं, ती चाल. भीती वाटली तर पानं खाली ठेवायची, म्हणजे पॅक. शेवटी दोघं उरले तर एकाने पैसे टाकून शो मागायचा, मग दोघांचीही पानं उघडतात. पण समोरचा पॅक झाला, तर जिंकणाऱ्याला पानं दाखवावी लागत नाहीत. ती तशीच गड्डीत घालून पिसून टाकायची. उठलेल्या माणसाला, आपण कशापुढे उठलो, हे कधीही कळत नाही. सगळा खेळ या एका नियमावर उभा आहे. मला तो नियम पहिल्याच आठवड्यात आवडला होता.

मुनीर तोंडाने खेळायचा. माझी चाल यायला वेळ लागला की म्हणायचा, "गुर्जी, पानावर अंडी घातलीत का? उबवत बसलाय मघापासून." स्वतःकडे काही नसलं की जास्त बोलायचा, बदामाचा एक्का आपल्या खानदानात वंशपरंपरा येतो वगैरे. त्याची फारशी भीती नव्हती. नामदेव मात्र विचार करून खेळायचा. लोक समजत तसा तो भोळा नव्हता, हे इथे लिहून ठेवतो. कुणी किती काड्या टाकल्या, टाकताना हात कसा आला, त्याच्यापुढे किती काड्या उरल्यात, हे तो बघायचा. "त्यानं दोन टाकल्या म्हंजे त्याला वाटतंय मी उठावं," असं काहीतरी पुटपुटायचा. पुढ्यात काड्या थोड्या उरल्या की सांभाळून खेळायचा. ते बरोबरच होतं. थोडं असणाऱ्याने सांभाळावंच लागतं. मी बेफिकीर खेळायचो, कारण नेवाशाला वडिलांचा पगार चालू होता. ज्याला हरणं परवडतं त्याला खेळाडू म्हणून फार मान मिळतो. लोक त्याला धाडस समजतात.

नामदेवबद्दल मी एक गोष्ट हेरली. बडबड करून टाकलेल्या चालीवर त्याचा विश्वास नसे. कुणी मुकाट्याने काड्या सरकवल्या, की तो समोरच्याचा चेहरा बघायचा, आपली पानं पुन्हा एकदा बघायचा आणि खाली ठेवायचा. मग मी ठरवून एक गोष्ट केली. चांगली पानं आली की गप्प राहायचो, आणि डाव जिंकल्यावर नियम नसतानाही पानं उलटी करून दाखवायचो. राजा-राणी-गुलाम. तीन अठ्ठ्या. नामदेव मान डोलवायचा, "ह्यो गप बसला की समजायचं." असं मी बरेच दिवस केलं. माझ्या गप्प बसण्याला मी पत मिळवून दिली, आणि मगच हातात काही नसताना गप्प बसलो. नामदेवकडे तेव्हा जोडी होती, मोठी. त्याने ती ठेवून दिली. मी माझी पानं पिसून टाकली. दुर्री, पंजी, नव्वी, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. मला त्या दुपारी जो आनंद झाला तो काड्यांचा नव्हता. एक माणूस मला आतून दिसतो, आणि मी त्याला दिसत नाही, याचा होता. अशा आनंदाला माणसाने घाबरायला हवं. मी बावीस वर्षांचा होतो आणि स्वतःवर खूश होतो.

संक्रांत होऊन गेल्यावर बातमी आली की काट्यावरच्या एका हंगामी कारकुनाला कायम करणार आहेत. एकच जागा. पट्टा पडायच्या आत मुलाखत.

कारखान्यात तेव्हा प्रत्येकाची एक पक्की समजूत होती. कायम व्हायचं तर कुणा संचालकाची चिठ्ठी लागते. कामाच्या जोरावर कुणी कायम झालेलं असलं तरी लोक त्यामागची चिठ्ठी शोधायचे आणि नाही सापडली तर कल्पून घ्यायचे. ही समजूत कारखान्याच्या भोंग्यासारखी होती. कुणी वाजवला हे न विचारता माणसं त्यावर उठत-बसत.

त्याच आठवड्यात एक संचालक काट्यावर येऊन गेले आणि आपला थर्मास विसरले. सुपरवायझर मला म्हणाले, "जा, बंगल्यावर देऊन ये." मी गेलो. ओट्यावर कुणीतरी मला बसायला सांगितलं आणि कपबशीतून चहा आणून दिला. संचालक बाहेर आले, "कुठले तुम्ही?" म्हणाले, उत्तर पुरतं ऐकायच्या आत फोन वाजला म्हणून आत गेले. मी चहा पीत एकटाच बसलो होतो. तेवढ्यात समोरच्या रस्त्याने नामदेव सायकलवरून गेला, हॅन्डलला रॉकेलचा डबा अडकवलेला. त्याने मला पाहिलं. हात वर केला. मीही केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोत्यावर बसलो. मुनीर पानं वाटत होता. नामदेवने पानं उचलली नाहीत. म्हणाला, "काल सायबांच्या बंगल्यावर गेल्तास व्हय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्या पानांकडे. आणि काही न बोलता दोन काड्या पुढे सरकवल्या.

मुनीर हसला. "घ्या. गुर्जींचा चहा वरच्यांकडं लागला वाटतं."

नामदेव हसला नाही. तो बराच वेळ माझ्या काड्यांकडे बघत होता. त्याच्या डोक्यात काय चाललं आहे हे मला ठाऊक होतं. मला फक्त एवढं म्हणायचं होतं: मी थर्मास द्यायला गेलो होतो. हे वाक्य जिभेवर होतं. मी ते अडवलं असंही नाही; मी ते नुसतं आलं तसं ठेवून दिलं. मी खोटं बोललो नाही, असं पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत होतो, आणि ते खरंच आहे. त्या खेळात खोटं बोलावं लागतच नाही.

दोन-तीन दिवसांनी काट्यावर गाड्या कमी होत्या तेव्हा तो म्हणाला, "मी काय मुलाखतीला येत न्हाई गुर्जी."

"का रे?" मी विचारलं. विचारलं, हे विशेष.

"गावाकडं सडकंचं काम निघालंय. खडी फोडायचं. आत्ता गेलं तर दोघांची नावं लागत्याल, उशीर झाला तर एकाचं बी न्हाई. हितं थांबून हात हलवत जायचं, आन तितलं बी घालवायचं, कशापायी?" मग म्हणाला, "तुजं झालंच हाय म्हना. चांगलं झालं. दुसऱ्या कुनाचं हुन्यापरीस."

त्याचा हिशोब चुकीचा नव्हता. आजही मी तो कागदावर मांडला तर तोच येतो. जे दिसत होतं त्यावरून, त्याच्यापुढे जेवढ्या काड्या होत्या त्यावरून, उठणं हाच शहाणपणा होता. फक्त माझ्या हातात काही आहे हे त्याने धरलं होतं, आणि तेवढंच चूक होतं.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दोघंच उमेदवार होतो, म्हणजे मी एकटा; नामदेव गावी निघून गेला होता. सुपरवायझर पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होते. मला विचारायचे प्रश्न दोन-चार, तेही वजनकाट्याचे. बाहेर आल्यावर ते माझ्याबरोबर चालत आले आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "नामदेव कसा आला नाही? आमचं त्याच्यावरच ठरलं होतं. तू शिकला असतास अजून एक हंगाम." चिठ्ठीबिठ्ठीचा कुणी विषयही काढला नाही. कुणाचीच चिठ्ठी नव्हती. संचालकांना तर माझं नावही माहीत नसणार.

त्याच दिवशी मला एसटीने कर्जतला जाता आलं असतं. एखादं पत्र टाकता आलं असतं. जागा अजून कागदावर यायची होती. मी खोलीवर जाऊन झोपलो.

चाळीतली खोली मला मिळाली, एकट्या माणसाला. पहिल्या सकाळी मागच्या दारी जाऊन नळ सोडला. बादली भरायला किती वेळ लागतो, हे मी तिथे उभं राहून बघितलं. लागत नाही वेळ. त्यानंतर लग्न होईपर्यंत मी शक्यतो कारखान्याच्या सार्वजनिक हौदावर आंघोळ करायचो. याने कुणाचं काही भलं झालं नाही. पत्ते मात्र पुन्हा हातात धरले नाहीत. मुनीर चिडवायचा, "कायम झाला आन बायकांवानी सोवळ्यात गेला."

बऱ्याच वर्षांनी ऊसतोडीच्या टोळ्या ठरवायला खर्ड्याकडे गेलो होतो. परतताना कर्जतच्या स्टँडवर कुणीतरी मागून हाक मारली, "गुर्जी." नामदेव होता. डोक्याला टापशी, हातात मुलीसाठी घेतलेली पाटी. डावा डोळा पांढरा.

"खडीची कपची उडाली," तो म्हणाला. "पैल्याच साली. आता एकाच डोळ्यानं बघतो, पन मानूस वळखू येतो बग."

आम्ही चहा घेतला. त्याने माझी, मुनीरची, काट्यावरच्या एकेका गाडीवानाची चौकशी केली. हिराने दोन साल डोक्यावर पाणी वाहिलं, मग गावात बोअर झालं, असं सांगितलं. त्याच्या बोलण्यात कडवटपणा शोधत होतो मी. असता तर सोपं गेलं असतं. उलट तो म्हणाला, "तुला सांगतो, जल्मात एकच डाव नीट खेळलो. तू गप बसलास आन मी वळाखलं. म्हनलं, ह्याच्याकडं हाय. थांबलो असतो तर सडकंचं काम बी गेलं असतं. घरी सांगत असतो मी, येळेवर उठता आलं पायजे मान्साला."

त्याचा चांगला डोळा माझ्याकडे होता. त्यात थोडा अभिमान होता. मी काय करायला हवं होतं? त्याला सांगायचं की तू आयुष्यात एकच डाव नीट खेळलास असं समजतोस, तोही तू हरलास? की हा विचारसुद्धा मी माझ्याच सोयीने करत होतो? चहाचे पैसे मी द्यायला गेलो, त्याने देऊ दिले नाहीत. एसटी लागली. खिडकीतून मी हात वर केला, त्यानेही केला.

निवृत्त झाल्यावर हिंमत करून त्याच्या गावी गेलो, पण तोवर तो गेलेला होता. हिरावहिनी ओट्यावर बसल्या होत्या. ओळख सांगितल्यावर उठून आत गेल्या, घोंगडी आणून अंथरली. चहा केला. नामदेव शेवटपर्यंत माझं नाव घ्यायचा, म्हणाल्या. एक शेळी दारात येऊन गेली, तिला त्यांनी हाकललं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "भावजी, एक इचारू का? रागावू नगा. त्या साली तुमच्याकडं खरंच चिठ्ठी हुती का?"

"का विचारता?"

"आमचं त्याच्यावरनं लई वाजायचं. मी म्हनायची, तुमी भ्यालात. न्हाई तर गेला असता मुलाखतीला. डोळा गेल्यावर तर मी लईच बोलली त्यांना. ते म्हनायचे, भ्यालो न्हाई, त्याच्याकडं हुती. आता मानूस गेला. मला वाटतं, कुनाचं खरं हुतं ते तरी कळावं."

त्यांनी शो मागितला होता. आजवर कुणी मागितला नव्हता, नामदेवनेसुद्धा नाही. आणि त्यांनी त्यासाठी काय टाकलं होतं, ते माझ्या समोरच दिसत होतं.

मी म्हणालो, "होती."

आयुष्यात या बाबतीत मी बोललेलं हे पहिलं उघड खोटं. नामदेवचा मान राहावा म्हणून बोललो, असं मला वाटून घेता येतं. कधी कधी वाटूनही घेतो. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात नामदेव नव्हता. त्या ओट्यावरून मला ताठ मानेने उठून जायचं होतं.

हिरावहिनींनी मान हलवली. "मंग मीच उगं बोलली त्यांना," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. म्हणजे माझ्या त्या एका शब्दाने नामदेव सुटला आणि त्या अडकल्या. इतकी वर्षं त्यांनी नवऱ्याला दिलेले बोल त्यांच्या पदरात पडले, तेही माझ्या देखत. मी ते बघितलं आणि म्हणालो, "निघतो, गाडी चुकेल." गाडीला वेळ होता.

पुन्हा जायचं ठरवत होतो. गुडघे, मग बायकोचं आजारपण, मग पाऊसपाणी. यंदा उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला की आई गेली. मुलगी मला काका म्हणते. मी तिला दोन धीराचे शब्द सांगितले आणि फोन ठेवला.

हिरावहिनींकडून परतताना एसटीत, कर्जत मागे पडायच्या आत, मी सगळी वाक्यं जुळवली होती. ती अजून तशीच्या तशी आहेत. हिरावहिनी, चिठ्ठी नव्हती. मी त्या बंगल्यावर थर्मास द्यायला गेलो होतो. नामदेव भ्याला नव्हता आणि तुम्हीही त्याला जे बोललात ते माझ्यामुळे बोललात. त्याने फक्त थांबायला हवं होतं, आणि थांब म्हणणारा मी एकटाच होतो. ती खोली तुमची होती. मला माफ करा.